घड्याळ म्हणतं ३४, मैदान म्हणतं ३९

प्रश्न : नमस्कार. मी ४७ वर्षांचा, वजन ७४ किलो, साताऱ्यात राहतो. चार वर्षं पळतोय, दोन हिल हाफ मॅरेथॉन पूर्ण केल्यात. गेल्या पावसाळ्यात डेंग्यू झाला आणि जवळजवळ तीन आठवडे अंथरुणात गेले. त्याआधी माझं घड्याळ व्हीओटू मॅक्स (शरीर किलोमागे मिनिटाला जास्तीत जास्त किती मिली प्राणवायू वापरू शकतं तो आकडा) ३८ दाखवायचं, आता ते ३४ वर अडून बसलंय. काळजी वाटली म्हणून टीएमटी, म्हणजे ट्रेडमिलवरची हृदयाची तपासणी, करून घेतली. रिपोर्ट निगेटिव्ह आहे, खाली १०.१ मेट्स लिहिलंय. मित्र म्हणाला साडेतीनने गुण, ते ३५ आले. मग भरतीची तयारी करणाऱ्या पोरांबरोबर मैदानावर कूपर टेस्ट दिली, म्हणजे १२ मिनिटांत जमेल तेवढं अंतर पळायचं. पहिली फेरी १ मिनिट ४५ सेकंदांत मारली, नंतर जीव गेला, तरी २२५० मीटर झाले. सूत्रात घातले तर ३९! यातला खरा आकडा कोणता? पुण्यात एका लॅबमध्ये मास्क लावून टेस्ट करतात, सात हजार सांगितलेत. करू का? जिमचा ट्रेनर म्हणतो यो-यो टेस्ट द्या. मध्ये एकदा घाटात शेवटच्या चढाला घड्याळात पल्स १८४ दिसली होती, ती चुकीचीच असणार. आणि सगळ्यात लागलेली गोष्ट सांगतो. बायको नुसती चालते, बीपीसाठी मेटोप्रोलोल घेते आणि तिचं घड्याळ तिला ४१ देतं. रोज सकाळी चहाबरोबर हा आकडा मला ऐकवला जातो. हे वय आहे, आजारपण आहे, की मी चार वर्षं उगाच पळतोय?
– घाटातला धावक, सातारा

उत्तर : आधी चहाचा प्रश्न मिटवू, कारण पत्रातली खरी कळ तिथेच दिसते.

घड्याळाला प्राणवायू मोजता येत नाही. त्याला दोनच गोष्टी कळतात, तुम्ही किती वेगाने चाललात आणि तेव्हा नाडी किती होती. बाकी सगळा तर्क. ‘एवढ्या वेगाला नाडी एवढी कमी, म्हणजे हृदय दणकट, म्हणजे आकडा मोठा’ असं त्याचं गणित. मेटोप्रोलोलचं कामच मुळी नाडी खाली धरून ठेवणं हे आहे. घड्याळाला गोळीबद्दल कोणी सांगितलेलं नसतं, त्यामुळे गोळीचे गुण ते वहिनींच्या खात्यावर जमा करतं. त्या ४१ मधले वहिनींचे किती आणि गोळीचे किती, हे त्या घड्याळातून वेगळं काढता येणार नाही. हे त्यांना सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा. मात्र ‘दोन दिवस गोळी बंद करून बघू’ हा प्रयोग तुमच्या घरात होता कामा नये. ही गोळी एकाएकी थांबवणं धोक्याचं असतं.

ज्या चाचण्यांमध्ये नाडीवरून अंदाज काढतात त्या सगळ्याच वहिनींसाठी बाद. घड्याळ बाद, बाकावर चढउतार करून नाडी मोजायची ती स्टेप टेस्ट बाद, मैलभर चालून शेवटी नाडी मोजायची तीही बाद. त्यांच्यासाठी अंतर आणि वेळ पुरे. कॉलनीची एक ठरलेली फेरी, किती मिनिटांत झाली, आणि शेवटी बोलताना धाप लागत होती का, एवढं कॅलेंडरवर लिहिलं की झालं. तुमच्याशी स्पर्धाच करायची असेल तर यात करा.

आता तुमचं घड्याळ. तुमच्या बाबतीत चूक बहुधा उलट्या दिशेने झालीय. जास्तीत जास्त नाडी म्हणजे २२० वजा वय, हे आपल्या सगळ्यांना पाठ आहे. तुमचे १७३ झाले. हे सूत्र १९७१ मध्ये आलं, इकडून तिकडून गोळा केलेल्या आकड्यांमधून अंदाजाने ओढलेली ती रेघ. त्यासाठी म्हणून कोणी नीट प्रयोग केलेला नव्हता. २००१ मध्ये पुष्कळ अभ्यास एकत्र करून दुसरं सूत्र निघालं : २०८ मधून वयाच्या ०.७ पट वजा करा. त्याने तुमचे १७५ येतात. पण कुठलंही सूत्र घ्या, ते सरासरी माणसाचं असतं. खऱ्या माणसात दहा-बारा ठोके इकडे-तिकडे ही अगदी रोजची गोष्ट.

म्हणून ती १८४ लगेच खोडू नका. त्या दिवसाचा आलेख उघडा आणि त्याच मिनिटाला पावलं किती पडत होती ते बघा. पावलंही मिनिटाला १८० च्या आसपास असतील तर घड्याळाच्या पाठीवरच्या, नाडी वाचणाऱ्या त्या हिरव्या दिव्याने ठोक्यांऐवजी पावलं मोजली असण्याची शक्यता मोठी आहे. सैल पट्टा आणि घाम असला की हे फार होतं. पावलं १६० असतील आणि नाडी हळूहळू चढत १८४ ला गेली असेल तर ती खरी असू शकते. कोणाकडून तरी नाडी मोजणारा छातीचा पट्टा उसना आणा आणि तोच चढ परत चढा. १८४ खरी निघाली तर काय होतं पहा : नेहमीच्या पळण्यात तुमची नाडी १५० असेल, तर घड्याळाच्या हिशेबी तुम्ही कमाल क्षमतेच्या ८७ टक्क्यांवर धापा टाकताय, आणि खरं तर ८२ टक्क्यांवर आरामात आहात. सेटिंगमध्ये १७३ च्या जागी १८४ टाका, एक पाऊलही न पळता आकडा वर सरकेल.

टीएमटीकडे वळतो. ती तुमचा दमसास मोजायला केलेली नव्हती. डॉक्टर बघत असतात ईसीजीच्या रेषांकडे, श्रम वाढल्यावर हृदयाला रक्त कमी पडतंय का ते. ट्रेडमिलचा पट्टा चालतो तो सिएटलच्या रॉबर्ट ब्रूस यांनी १९६३ मध्ये बसवलेल्या क्रमाने. दर तीन मिनिटांनी वेग आणि चढ दोन्ही वाढतात. सुरुवात ताशी २.७ किमी आणि १० टक्के चढ, मग ४ किमी आणि १२ टक्के, मग साडेपाच किमी आणि १४ टक्के. रस्त्याच्या घाटातसुद्धा सलग एवढा उभा चढ सहसा नसतो. नऊ मिनिटं झाली की तिसरा टप्पा संपतो आणि यंत्र छापतं १०.१ मेट्स. एक मेट म्हणजे स्वस्थ बसल्यावर लागणारा प्राणवायू, किलोमागे मिनिटाला ३.५ मिली. मित्राचा गुणाकार बरोबर आहे.

पण तुम्हाला थांबवलं कोणी? रिपोर्टवर कुठेतरी ‘टार्गेट हार्ट रेट’ गाठल्याची नोंद असेल. १७३ चे ८५ टक्के, म्हणजे १४७. तिथे पोचलात की डॉक्टरांचं काम झालं, पट्टा बंद. तसं असेल तर ३५ ही तुमची हद्द नव्हे, तुम्हाला जिथे उतरवलं तो थांबा आहे.

आता दुसरी बाजू. समोरचा दांडा तुम्ही घट्ट धरला होता ना? नव्व्याण्णव जण धरतात, चौदा टक्क्यांवर पट्टा पळायला लागला की हात आपोआप जातो. या यंत्रानेही प्राणवायू मोजलेला नाही, वेग आणि चढ यांच्या कोष्टकातून मेट्स काढलेत. हातांनी भार घेतला की शरीराचं काम कमी होतं, कोष्टकाला ते कळत नाही आणि आकडा फुगतो. एक चूक आकडा खाली ओढते, दुसरी वर ढकलते, आणि किती ते दोन्हीकडे अज्ञात.

म्हणून मेट्स निरुपयोगी असं मात्र समजू नका. अमेरिकेत ट्रेडमिल चाचणीला आलेल्या ६२१३ पुरुषांवरचा एक गाजलेला अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. क्षमता एका मेटने जास्त, तर जगण्याची शक्यता १२ टक्क्यांनी चांगली, असं त्यात दिसलं. ते मेट्सही असेच कोष्टकातून काढलेले होते. हजारो माणसांच्या गर्दीत ढोबळ मापही खरं बोलतं. एका माणसाच्या ३४ आणि ३५ चा निवाडा करायला बसलं की ते अडखळतं.

कूपर टेस्टचं नाव ज्यांच्यावरून पडलं ते केनेथ कूपर अमेरिकी हवाई दलात डॉक्टर होते. त्यांनी ११५ जवानांना बारा मिनिटं पळवलं, त्याच जवानांचा प्राणवायू प्रयोगशाळेत मोजला, आणि दोन्ही आकडे इतके जुळले की १९६८ मध्ये सूत्र छापलं : मीटरमधून ५०४.९ वजा करा, ४४.७३ ने भागा. तुमच्या २२५० मधून उरतात १७४५.१, भागाकार ३९. गणित चोख. फक्त हे सूत्र त्या जवानांचं आहे. सारख्याच प्राणवायूवर एखादा जास्त पळतो, एखादा कमी, कारण पाय टाकण्याची काटकसर प्रत्येकाची निराळी. सूत्र तुम्हाला मधल्या माणसात धरतं.

शिवाय तुम्ही टेस्ट दिलीत ती, रागावू नका, नवख्यासारखी. १२ मिनिटांत २२५० मीटर म्हणजे ४०० मीटरची फेरी २ मिनिटं ८ सेकंदांना पडते. तुम्ही पहिली १ मिनिट ४५ ला मारलीत. वीस वर्षांच्या पोरांच्या मागे लागलात, दुसरं काय. पाय तिथेच भरले असणार आणि उरलेली दहा मिनिटं त्याची फेड करण्यात गेली. पहिल्या दोन फेऱ्या २ मिनिटं ५ सेकंदांना धरल्या असत्या तर आणखी शंभरेक मीटर निघाले असते असं मला वाटतं, आणि शंभर मीटर म्हणजे आकड्यात दोनाहून थोडे जास्तच.

या टेस्टने मलाही एकदा तोंडघशी पाडलंय. शारीरिक शिक्षणाच्या एका कॉलेजात शिकवत होतो तेव्हाची गोष्ट. वर्गाची कूपर टेस्ट घेतली, निकाल इतके छान आले की मी ते स्टाफरूममध्ये मिरवले. पुढच्या वर्षी खेळांसाठी फक्की मारायला आलेल्या माणसाने टेप टाकला आणि म्हणाला, “सर, तुमचा चारशेचा ट्रॅक तीनशे ऐंशीचा आहे.” सहा फेऱ्या मारणाऱ्याला मी २४०० मीटर आणि ४२ लिहिले होते. तो पळाला होता २२८० मीटर, म्हणजे ३९.७.

एवढं सगळं ज्याच्या अंदाजासाठी चाललंय ती मूळ गोष्ट तशी सोपी आहे. ए. व्ही. हिल यांनी १९२३ च्या सुमारास मँचेस्टरला पाठीवर डग्लस पिशवी बांधून गवतावर गोल गोल धावायला सुरुवात केली, पुष्कळदा स्वतःच. सोडलेला श्वास पिशवीत गोळा करायचा आणि त्यात प्राणवायू किती उरलाय ते बघायचं. त्यांना दिसलं की वेग वाढवला की प्राणवायूचा वापर वाढतो, पण एका जागी येऊन तो थबकतो. पुढे वेग वाढवला तरी वापर तिथेच. ती छत म्हणजे व्हीओटू मॅक्स. हृदय एका मिनिटात किती रक्त ढकलतं आणि स्नायू त्यातून किती प्राणवायू उचलतात, या दोन्हींचा गुणाकार.

लॅबमध्ये आजही तेच करतात, पिशवीच्या जागी यंत्र आलंय. नाका-तोंडावर घट्ट मास्क, अंगावर ईसीजीच्या तारा. खोलीतल्या हवेत २०.९३ टक्के प्राणवायू असतो, तुमच्या उच्छ्वासात तो १६-१७ टक्क्यांवर येतो, तो फरक श्वासागणिक मोजला जातो. श्रम असे वाढवतात की आठ ते बारा मिनिटांत तुम्ही संपावं. शेवटाकडे कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो तो घेतलेल्या प्राणवायूहून जास्त व्हायला लागतो. त्यांचं गुणोत्तर १.१ च्या वर गेलं तर माणूस खरोखर हद्दीपर्यंत गेला असं मानतात. ते गेलं नाही तर सात हजार देऊनही तुमच्या हातात कमालीचा आकडा नसतो. आणि तोच माणूस आठवड्याने परत आला तर तीन-चार टक्क्यांचा फरक चांगल्या लॅबमध्येही पडतो.

मैदानी आणि नाडीवरच्या चाचण्यांना तर दहा टक्के इकडे-तिकडे द्यावेच लागतात, पुष्कळदा जास्त. तुमच्या ३९ ला दहा टक्के दिले की पल्ला होतो ३५ ते ४३. ३४ ला दिले की ३१ ते ३७. म्हणजे तुमचे आकडे एकमेकांशी भांडत नाहीयेत, भांडण तुम्ही लावलंय. पैज लावायची तर मी ३९ च्या बाजूने लावीन, कारण तीनपैकी तेवढ्याच वेळी तुम्ही खरोखर दमेपर्यंत पळालात.

वय की आजारपण, याचं उत्तर डॅलसला १९६६ मध्ये मिळालंय. विशीतल्या पाच तरुणांना तीन आठवडे अंथरुणातून उठूच दिलं नाही. त्यांची क्षमता सरासरी २७ टक्क्यांच्या आसपास घसरली. पुढच्या दोनेक महिन्यांच्या सरावाने ती भरून निघाली. गंमत पुढे आहे. तीस वर्षांनी त्याच पाच जणांना परत बोलावून मोजलं, तेव्हा तीस वर्षांच्या वाढत्या वयाने झालेली घट त्या तीन आठवड्यांच्या घटीपेक्षा कमी भरली. तुम्ही काही चोवीस तास आडवे नव्हता आणि डेंग्यूचा अशक्तपणा हा वेगळा विषय, पण ३८ चे ३४ झाले यात अंथरुणाचा वाटा मोठा आणि ४७ चा नगण्य. भरून येईल, घाटाची घाई नको.

यो-यो भारतीय क्रिकेट संघामुळे घराघरात पोचली. डेन्मार्कच्या येन्स बँग्सबो यांनी ती फुटबॉलसारख्या खेळांसाठी बसवली : वीस मीटर जा, वळा, वीस मीटर या, दहा सेकंद थांबा, परत. तिची थोरली बहीण म्हणजे बीप टेस्ट, माँट्रियलच्या ल्यूक लेजे यांची, १९८२ ची. त्यात थांबायला मिळत नाही, ताशी साडेआठ किमीपासून सुरू करून मिनिटाला अर्धा किमी वेग वाढतो. दोन्ही चांगल्या, पण तुम्ही घाटात दर वीस मीटरला मागे वळता का? सत्तेचाळीसच्या गुडघ्यांना ते झटके कशाला. ट्रेनर स्टेप टेस्ट सुचवेल तर एवढं लक्षात ठेवा की पुस्तकातली ती क्वीन्स कॉलेजवाली सूत्रं सव्वासोळा इंच उंचीच्या बाकावर बसवलेली आहेत. जिन्याची पायरी सहा-सात इंचांची असते, तिच्यावर चढउतार करून ते सूत्र लावलं तर तुम्ही थेट ऑलिंपिकला.

लॅबला आत्ता जाऊ नका. पळताना आधी लागत नव्हती अशी धाप लागते आणि टीएमटीत कारण सापडत नाही, असं झालं तर डॉक्टरच मास्कवाली टेस्ट सांगतील, तेव्हा जरूर करा. किंवा वर्षभर बेतून तयारी करायची असेल तर करा, पण मग नुसता कमाल आकडा घेऊन घरी येऊ नका. श्वास एकदम जोरात व्हायला लागतो तो उंबरठा किती नाडीला आणि किती वेगाला आला ते लिहून मागा, रोजच्या पळण्याला उपयोग त्याचा. जाण्याआधी फोनवर एकच विचारा : यंत्र त्या दिवशी कॅलिब्रेट करता का, म्हणजे त्याचं माप तपासून जुळवता का? तीन लिटरच्या सिरिंजने आणि प्रमाण माहीत असलेल्या वायूने करतो असं सहज उत्तर आलं तर माणसं कामातली. “मशीन नवीन आहे सर” असं आलं तर सात हजारांचे बूट घ्या.

तुम्हाला हवी आहे ती तुमची तुमच्याशी तुलना. त्यासाठी कूपरच धरा, दर आठ आठवड्यांनी. तेच मैदान, पहाटेची तीच वेळ, आदल्या दिवशी घाट नाही. उन्हात नाडी उगाच चढते आणि अंतर घटतं, म्हणून एप्रिलचा निकाल जानेवारीशी ताडू नका. पंधरा मिनिटं अंग गरम करा, पहिल्या दोन फेऱ्यांना स्वतःला आवरा. वहीत आकडा नको, मीटर लिहा. तुमच्याबरोबरची भरतीची पोरं बघा, १६०० मीटर किती वेळात एवढंच लिहितात, व्हीओटू मॅक्सच्या नादी लागत नाहीत. वजनही शेजारी लिहा. ३९ म्हणजे तुम्ही मिनिटाला २.९ लिटर प्राणवायू वापरता. उद्या नुसते चार किलो उतरलात तर तेच २.९ लिटर सत्तर किलोंत वाटले जाऊन आकडा ४१ होईल, छाती होती तेवढीच.

टीएमटी निगेटिव्ह असली तरी जीव खाऊन पळायच्या टेस्टमध्ये छातीत दाब, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, डोळ्यापुढे अंधारी, यातलं काही आलं तर फेरी पुरी करायची नाही. तिथेच थांबायचं आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे.

आणि पुढच्या टेस्टआधी तो ट्रॅक मोजा. लांब टेप मिळत नसेल तर सायकल न्या. पुढच्या चाकावर खडूची खूण करा, चाकाचा एक फेरा जमिनीवर मोजून घ्या, साधारण दोन मीटर भरेल, आणि आतल्या कडेपासून एक वीत अंतर ठेवून सायकल हाताने ढकलत एक फेरी मारा. वहिनींना बरोबर न्या. खूण वर आली की मोजायचं काम त्यांच्याकडे द्या, तुम्ही ढकला.